दोन दिवसांत ग्वाल्हेर, मैत्रिणीच्या घरी

दिल्लीत बदलीवर, शिकायला किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेल्या मराठी माणसांचं कुणी ना कुणी जवळचं ग्वाल्हेर, झाशी, इंदूर, बडोदा अशा गावांत असतंच. कॉलेजातली मैत्रीण लग्न होऊन तिकडे गेलेली असते, प्रशिक्षणात एकाच खोलीत राहिलेला मित्र तिथे नोकरीला असतो. फोनवर दर वेळी "एकदा निवांत येते गं तुझ्याकडे" म्हटलं जातं आणि वर्षं निघून जातात. हा लेख त्या 'एकदा'ला तारीख लावू पाहणाऱ्यांसाठी आहे.

उदाहरण ग्वाल्हेरचं घेते, कारण दिल्लीतून शनिवार-रविवारात जाऊन येण्यासाठी इतकं सोयीचं आणि मराठी माणसाला इतकं जवळचं दुसरं गाव मला माहीत नाही. अंतर तीनशेहून थोडं अधिक किलोमीटर, सकाळच्या वेगवान गाडीने साडेतीन तासांचा प्रवास. गावात मराठी घरं दोनशे वर्षांपासूनची. इंदूरला रात्रीच्या गाडीने जाता येतं, पण सोमवारची रजा असेल तरच जा. बडोदा आणि नागपूर हजार किलोमीटरच्या आसपास आहेत, ती गावं दोन दिवसांत उरकू नका. माझा ठोकताळा साधा आहे: आपल्या दारापासून मैत्रिणीच्या दारापर्यंत सहा तासांहून जास्त लागणार असतील, तर तो बेत लांब सुट्टीसाठी राखून ठेवावा.

निघायची जागा म्हणून कोपर्निकस मार्ग धरू. मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता. जुनं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर, कमानी सभागृह आणि दूरदर्शनही इथेच. त्यामुळे दिल्लीतल्या मराठी माणसाचं इथे सतत येणं-जाणं. जवळच बडोदा हाउस आहे. गायकवाडांसाठी ल्युटेन्सने बांधलेल्या या वास्तूत आज उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. आणि मंडी हाउसच्या त्याच चौकातून एक रस्ता निघतो, त्याचं नाव तानसेन मार्ग. तानसेनाची समाधी ग्वाल्हेरला आहे, त्याकडे पुढे येऊच.

आता पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा निर्णय: गाडी. बहुतेक जण सुटायची वेळ पाहून गाडी निवडतात. मी म्हणेन, पोहोचायची वेळ पाहा, आणि तीही मैत्रिणीच्या घरच्या घड्याळाप्रमाणे. शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर संध्याकाळी दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या भरपूर आहेत. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू एक्स्प्रेस सगळ्या ग्वाल्हेरवरून जातात. एक रात्र वाचली म्हणून मोह होतो. पण या गाड्या ग्वाल्हेरला मध्यरात्रीच्या सुमारास पोहोचतात. मग मैत्रीण नाहीतर तिचा नवरा थंडीत गाडी काढून स्टेशनवर येणार, घरातली म्हातारी माणसं दार उघडण्याच्या आवाजाने उठणार, आणि शनिवारची सकाळ सगळ्यांचीच जांभया देण्यात जाणार. मिळवलेले तास तिथेच खर्ची पडतात.

म्हणून शनिवारी सकाळी सहाची भोपाळ शताब्दी. ती नवी दिल्लीहून सुटते आणि साडेनऊच्या आसपास ग्वाल्हेरला पोहोचवते. घरातली पहिली धावपळ संपलेली असते, नाश्त्याची वेळ झालेली असते, पूर्ण दिवस समोर असतो. इतक्या पहाटे निघणं जमत नसेल तर हजरत निजामुद्दीनहून आठनंतर सुटणारी गतिमान एक्स्प्रेस घ्या. २०१६ साली आग्र्यापर्यंत ताशी १६० किलोमीटर वेगाने सुरू झालेली ही गाडी २०१८ पासून ग्वाल्हेरवरून झाशीपर्यंत धावते. ती ग्वाल्हेरला साधारण अकराच्या पुढे पोहोचते. शुक्रवारी ती नसते, हे लक्षात ठेवा. निजामुद्दीनहून दुपारी सुटणारी वंदे भारतही आहे, पण तिने गेलात तर पहिला दिवस जवळजवळ संपलेला असतो. वेळापत्रकं बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या दिवसाची वेळ आणि गाडी धावण्याचे वार पाहून घ्याच.

परतीचं तिकीट आधी काढा, जाण्याचं नंतर. उलटं वाटेल, पण रविवारी संध्याकाळी दिल्लीकडे येणाऱ्या गाड्यांना गर्दी असते. जाण्याची गाडी हुकली तर बेत पुढे ढकलता येतो. परतीची हुकली तर सोमवारी सकाळी वरिष्ठांना फोन करावा लागतो. परतीसाठी अशी गाडी निवडा, जी जवळून सुटते. रविवारी संध्याकाळची शताब्दी भोपाळच्या राणी कमलापती स्थानकाहून निघते, गतिमान झाशीहून. दक्षिणेच्या टोकाहून दीड-दोन दिवस धावत आलेली गाडी ग्वाल्हेरला किती उशिरा येईल, हे सांगता येत नाही. मैत्रिणीला निरोप देऊन स्टेशनवर तीन तास बसून राहण्यात काही अर्थ नाही.

गतिमान की शताब्दी? गतिमान दुपारी चारच्या पुढे ग्वाल्हेर सोडते आणि साडेसातच्या सुमारास निजामुद्दीनला आणते. शताब्दी संध्याकाळी उशिरा निघते आणि रात्री उशिरा नवी दिल्लीत पोहोचते. दुपारचं जेवण करून निघायचं असेल तर गतिमान बरी. पण रविवारची दुपार हीच खरी गप्पांची वेळ असते. जेवणं झालेली, भांडी आवरलेली, घरातले बाकीचे आडवे झालेले. जे बोलायला आपण तीनशे किलोमीटर आलो, ते बोलणं बहुतेक वेळा याच वेळी निघतं. सोमवारी सकाळी फार लवकर उठायचं नसेल तर शताब्दीच घ्या, असा माझा आग्रह राहील.

तिकिटांचं थोडक्यात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, दिवसा धावणाऱ्या काही गाड्यांना ती आणखी कमी आहे. तत्काळचं आरक्षण आदल्या दिवशी खुलं होतं, वातानुकूलित वर्गाचं सकाळी दहाला आणि बिगर-वातानुकूलितचं अकराला. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आयआरसीटीसीचं खातं आधारने पडताळलेलं असणं सक्तीचं झालं आहे. हे काम बेत ठरवण्याआधीच करून ठेवा. शुक्रवारी सकाळी दहा वाजता ओटीपीची वाट पाहत बसलात तर जागा हातची जाते. ऑनलाइन काढलेलं तिकीट तक्ता तयार होईपर्यंत पूर्ण प्रतीक्षायादीतच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. सकाळच्या गाड्यांचा तक्ता आता आदल्या रात्रीच लागतो, तेव्हा शुक्रवारी झोपण्याआधी एकदा स्थिती पाहा आणि मैत्रिणीला "नक्की" किंवा "नाही" असा स्पष्ट निरोप द्या. अर्धवट निरोपाने तिची सकाळ अडकून पडते.

आरक्षण करताना जेवणाचा पर्याय विचारला जातो. शताब्दीत जाताना जेवण नको, असं निवडा. गाडीत आठ वाजता ऑम्लेट नाहीतर कटलेट खाल्लं आणि साडेनऊला मैत्रिणीच्या सासूबाईंनी केलेल्या पोह्यांपुढे "पोट भरलंय हो काकू" म्हणायची वेळ आली, तर त्या माऊलीची सकाळची मेहनत वाया गेली. प्रवासात चहा आणि दोन बिस्किटं पुरेत. परतीच्या गाडीत मात्र जेवण घ्या, म्हणजे निघताना डबा भरण्याचं काम तिच्या मागे लागत नाही. ती तरीही डबा भरेल, तो मुकाट्याने घ्यावा.

सहाच्या शताब्दीला मेट्रोच्या भरवशावर राहू नका. मंडी हाउसहून राजीव चौक आणि तिथे गाडी बदलून नवी दिल्ली हा एरवी सोपा रस्ता, पण पहिल्या मेट्रोने सहाची गाडी गाठता येत नाही. रिक्षा किंवा टॅक्सी रात्रीच ठरवून ठेवा आणि पाच वाजता निघा. अंतर तीन-चार किलोमीटरचंच आहे, पहाटे रस्ते मोकळे असतात. वेळ जातो तो स्टेशनच्या दारात, सामान तपासणीत आणि पुलावर. नवी दिल्लीला दोन तोंडं आहेत: पहाडगंजकडे फलाट एक, अजमेरी गेटकडे फलाट सोळा. गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे ते आधी पाहून चालकाला बाजू सांगा. चुकीच्या बाजूला उतरलात तर सामान घेऊन सगळे फलाट ओलांडावे लागतात. एकट्या निघणाऱ्या मुलींनी टॅक्सीचा तपशील घरी किंवा खोलीतल्या मैत्रिणीला पाठवून ठेवावा आणि तिला झोपेतून उठवायला संकोच करू नये.

निजामुद्दीनला जायचं असेल तर मंडी हाउसहून व्हायोलेट लाइनने लाजपतनगर आणि तिथून पिंक लाइनने सराय काले खाँ-निजामुद्दीन असा मेट्रोचा मार्ग आहे. हातात सामान असेल तर सरळ रिक्षा बरी.

महिना कुठला निवडावा? ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले आठवडे. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचं ऊन सहन होत नाही, दुपारभर दारं-खिडक्या लावून बसावं लागतं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीभर धुकं असतं, तेव्हा शताब्दीसुद्धा तासन् तास रखडते. दोन दिवसांच्या बेतातले चार तास धुक्यात गेले तर काय उरलं? अपवाद एकच, डिसेंबरातला तानसेन समारोह. १९२४ पासून चालत आलेला हा उत्सव ऐकायचा असेल तर धुक्याची जोखीम घ्यावी, पण मग सोमवारची रजा हाताशी ठेवून. दिवाळी आणि छठच्या आसपास मात्र अजिबात निघू नका. ज्यांना खरोखर घर गाठायचं आहे, त्यांच्यासाठी त्या जागा राहू द्याव्यात.

सकाळी गाडीत झोपायचं तर आग्र्यापर्यंत झोपा. आग्रा सुटल्यावर जागे राहा. धौलपूर येतं, ज्याच्या लाल दगडाने राष्ट्रपती भवन उभं राहिलं. आणि दिल्लीत यूपीएससीची मुलाखत दिलेल्यांना 'धौलपूर हाउस' हे नाव विसरता येत नाही, ते याच संस्थानाचं. त्यानंतर गाडी चंबळ ओलांडते. दोन्ही बाजूंना मातीच्या घळी पसरलेल्या, मध्ये रुंद नदी. पूल संपला की मध्य प्रदेश. मग मुरैना, आणि त्यानंतर अर्ध्या तासात ग्वाल्हेर. आग्रा ते ग्वाल्हेर हा लोहमार्ग १८८१ मध्ये सुरू झाला, त्यासाठी जयाजीराव शिंद्यांनी पैसा पुरवला होता. पुढे माधवराव शिंद्यांनी संस्थानात दोन फूट रुंदीची छोटी रेल्वेही टाकली. ग्वाल्हेर ते श्योपूर अशी सुमारे दोनशे किलोमीटर चालणारी ती गाडी २०२० मध्ये थांबली आणि आता तो मार्ग रुंद होतो आहे. श्योपूर हे गजानन माधव मुक्तिबोधांचं जन्मगाव. मैत्रिणीच्या घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर त्या छोट्या गाडीबद्दल जरूर विचारा. ओळख नसलेल्या घरात बोलणं सुरू करायला याहून चांगला विषय नाही.

आता घराबद्दल, कारण खरा मुक्काम तिथे आहे.

काय न्यावं? मिठाई नेऊ नका. बंगाली मार्केट कोपर्निकस मार्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथला खोका उचलणं सोपं पडतं, पण ग्वाल्हेरच्या नया बाजारात बहादुराचे बुंदीचे लाडू मिळतात आणि हिवाळ्यात मुरैन्याची गजक. त्या गावात मिठाई नेण्यात हशील नाही. तिथल्या मराठी घरांना हवं असतं ते वेगळंच: गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट, चांगली भाजणी, दिवाळी अंक, एखादं नवं मराठी पुस्तक. घरून कुणी दिल्लीला येणार असेल तर या वस्तू आधीच मागवून ठेवा. आजींसाठी मोठ्या टाइपातलं पुस्तक नेलंत तर पुढच्या वेळी आमंत्रण त्यांच्याकडून येईल.

जाण्याआधी मैत्रिणीला तीन गोष्टी मोकळेपणाने विचारा: घरात कुणाची परीक्षा, आजारपण किंवा व्रतवैकल्य आहे का, झोपायची सोय कशी आहे, आणि तिला शनिवारी काही काम आहे का. तिला काम असेल तर "मी बरोबर येते" म्हणा. बँकेत, मंडईत, मुलाच्या क्लासला. अशा वेळी कडेकडेने चालताना जेवढं बोलणं होतं, तेवढं हॉटेलात समोरासमोर बसून होत नाही. आणि पाहुणी आली म्हणून तिला सुट्टी काढायला लावू नका.

ग्वाल्हेरचं मराठी ऐकून पहिल्यांदा कान टवकारतील. हिंदीची लय, हिंदीचे शब्द, क्रियापदांची वेगळी वळणं. ते सुधारायला जाऊ नका, हसू तर मुळीच नका. दौलतराव शिंद्यांची छावणी साधारण १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं. तेव्हापासून कित्येक पिढ्या या घरांनी चहूकडे हिंदी असताना ही भाषा घरात बोलत ठेवली. भा. रा. तांबे इथलेच राजकवी. पुण्या-मुंबईचं मराठी म्हणजेच खरं मराठी, असं पाहुण्याच्या तोंडून निघालं की यजमान काही बोलत नाहीत, पण त्यांना लागतं. मी हे ग्वाल्हेरकरांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

शहर पाहायचं का? पाहा, पण एक ठिकाण शनिवारी संध्याकाळी आणि एक रविवारी सकाळी, त्याहून जास्त नको. यादी घेऊन निघालात तर मैत्रीण तुमची गाईड होऊन बसते. किल्ला दोन-तीन तास मागतो. गाडी उरवाई दरवाजाने वर जाते आणि वाटेत खडकात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती दिसतात. वर मानसिंहाचा महाल आहे, सहस्रबाहूची देवळं आहेत. किल्ल्याच्याच चतुर्भुज मंदिरातल्या नवव्या शतकाच्या शिलालेखात शून्य कोरलेलं आहे. ते देऊळ लहान आहे, पाहणारे बरेच जण चुकवतात. तुम्ही चुकवू नका.

जयविलास राजवाडा १८७४ चा. जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची छोटी आगगाडी मुलांना दाखवायलाच हवी. राजवाड्याचं संग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद असतं, वार आधी विचारून घ्या. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मध्ये त्या इथे लढताना पडल्या, आणि त्या वेळी जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूला होते. राजवाडा आणि समाधी एकाच गावात आहेत, तेव्हा दोन्ही ठिकाणी जाण्याआधी तो इतिहास वाचून जावा. ग्वाल्हेरच्या घरांत या विषयावर अजूनही मतं तीव्र आहेत. पाहुण्याने आधी ऐकून घ्यावं.

निवड करायची तर मी संगीताला देईन. हजिऱ्याजवळ मुहम्मद गौसांच्या भव्य कबरीच्या आवारात तानसेनाची साधी समाधी आहे. शेजारच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गायकांची श्रद्धा. पण महाराष्ट्राचं या गावाशी नातं त्याहूनही जवळचं आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. भातखंड्यांनी १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय ग्वाल्हेरला सुरू केलं. कृष्णराव शंकर पंडितांचं घराणं इथलंच मराठी. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. मैत्रिणीच्या ओळखीचं गाणं शिकणारं किंवा शिकवणारं कुणी असेलच. रविवारी सकाळी त्यांच्या रियाजाला अर्धा तास बसता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. संग्रहालयात कुणालाही जाता येतं, रियाजाला ओळखीनेच जाता येतं.

रविवारची न्याहारी मात्र बाहेर करा, म्हणजे घरच्यांना एक सकाळ उसंत मिळेल. महाराज बाड्याच्या आसपास गरम बेडई, बटाट्याची रस्सा भाजी आणि जिलबी. पैसे तुम्ही द्या, वाद झाला तरी. बाड्यावरून जनकगंज, दौलतगंज, फालका बाजार अशा गल्ल्यांतून मैत्रिणीबरोबर पायी फिरा. मराठी सरदारांचे जुने वाडे बघता बघता ती तिच्या सासरच्या गावाबद्दल बोलायला लागेल. फोनवर ते कधीच बोललेलं नसतं.

निघण्याआधी अंथरुणाची घडी घाला, चादर-उशीचे अभ्रे काढून एका जागी ठेवा, आणि घरातल्या कामवालीला तिच्या हातात काही द्या, मैत्रिणीला विचारून. स्टेशनवर सोडायला येऊ नको म्हटलं तरी ती येईल. गाडी वेळेवर आहे का, ते घरातूनच पाहून निघा. रात्री उशिरा नवी दिल्लीत उतराल तेव्हा शेवटच्या मेट्रोमागे धावू नका. मंडी हाउसला पोहोचायला टॅक्सी किंवा रिक्षा करा आणि पोहोचल्याचा निरोप लगेच पाठवा, ती जागीच असेल.

आणि तिला दिल्लीला बोलवा, तारीख सांगून. ग्वाल्हेरहून निघालेल्या बाईला घर, मुलं, सासू-सासरे सोडून दोन दिवस काढणं तुमच्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, त्यामुळे बेत तुम्हीच आखून द्यायला हवा. कमानीतल्या एखाद्या मैफलीची किंवा नाटकाची तारीख बघा, तिच्या मुलाच्या शाळेचं वेळापत्रक विचारा, आणि साठ दिवसांची खिडकी उघडली की दोन्ही बाजूंची तिकिटं तुम्हीच काढून तिला पाठवून द्या.